सिमेंटच्या शाळेला वारसा म्हणायचे का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझे उत्तर कशाला आहे ते इतरांनाही कळेल. मालवणजवळच्या तुमच्या गावात हायस्कूलची १९६४ सालची सिमेंटची इमारत आहे. तिच्या दर्शनी भिंतीवर त्या वेळच्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी मुलांना हाताशी घेऊन केलेले उठावचित्र आहे: होड्या, रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणारी माणसे, माड. इमारत पाडून नवी बांधायची असे संस्थेत चालले आहे. तुम्ही ‘हा आपला वारसा आहे’ म्हणालात, तर सभेत कुणीतरी विचारले, ‘साठ वर्षांची इमारत कसला वारसा? तो काय सिंधुदुर्ग किल्ला आहे?’ या सभेला द्यायचे उत्तर तुम्हाला हवे आहे.

मी वास्तुसंवर्धनाचे काम गेली तीसेक वर्षे कोकणात करते आहे. देवळे, वाडे, एक-दोन दीपगृहे केली. गेली पंधरा वर्षे मात्र माझ्याकडे जास्त करून शाळा, वाचनालये, दवाखाने, सभागृहेच येतात, आणि बहुतेक वेळा ती पाडायच्या आदल्या महिन्यात येतात. तेव्हा तुम्ही वेळेत विचारलेत याचा मला खरोखर आनंद आहे.

ती इमारत वारसा असू शकते. तिचे वय हा त्यातला सगळ्यात दुय्यम मुद्दा आहे.

वयाचे हे भूत आले कुठून ते आधी पाहू. प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा १९५८ चा. त्यात वास्तू किमान १०० वर्षे जुनी हवी अशी अट आहे. ती अट सरकारने कशाची जबाबदारी घ्यायची हे ठरवण्यासाठी आहे. लोकांनी कशावर जीव लावायचा हे ठरवण्यासाठी नाही. पुरावस्तू आणि कलासंपत्तीचा १९७२ चा कायदा पाहा. तिथेही पुरावस्तूला १०० वर्षे लागतात, पण त्याच कायद्यात शंभरीच्या आतली कलाकृतीही कलावंताच्या मृत्यूनंतर ‘कलासंपत्ती’ म्हणून जाहीर करण्याची सोय आहे. अमृता शेरगिल, जामिनी रॉय यांची चित्रे अशीच देशाबाहेर विकायला बंद झाली. म्हणजे नवी गोष्टही मोलाची असू शकते हे आपल्या कायद्यानेच पन्नास वर्षांपूर्वी मानले आहे. ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया १९६० मध्ये वसली आणि १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, सत्ताविसाव्या वर्षी. आपल्याकडे मुंबईच्या ओव्हल मैदानाभोवतीच्या ९४ इमारती २०१८ मध्ये त्या यादीत आल्या. त्यांतल्या पश्चिमेकडच्या बऱ्याचशा १९३० ते ४० च्या दशकातल्या, सिमेंट काँक्रीटच्या, लोकांच्या राहत्या बिल्डिंगी आहेत. तिथे आजही कपडे वाळत घालतात.

सभेत हे आकडे सांगाच. पण नुसत्या आकड्यांनी कुणाचे मन फिरत नाही. त्यापेक्षा एक प्रश्न विचारा. मी स्वतः कुठल्याही आधुनिक वास्तूपाशी गेले की पहिला हाच विचारते: हिच्या उंबरठ्यावरून पहिल्यांदा कोण आत आले?

रत्नागिरीचे पतितपावन मंदिर घ्या. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशाने १९३१ मध्ये ते उभे राहिले. केवळ शिल्पकामाचे गुण देऊन मोजायचे तर राजापूरच्या धूतपापेश्वरापुढे किंवा संगमेश्वरातल्या कर्णेश्वरापुढे ते टिकणार नाही. पण कर्णेश्वराच्या गाभाऱ्यात शेकडो वर्षे कोण जाऊ शकत होते आणि कोण नाही, हे तुम्हा-आम्हाला माहीत आहे. पतितपावनाचा दरवाजा सगळ्या जातींना खुला राहावा म्हणूनच बांधला गेला. त्याचे मोल त्या दरवाज्यात आहे. तिथे उभे राहून कुणी ‘कोरीवकाम कुठे आहे?’ असे विचारले तर त्याने चुकीच्या ठिकाणी नजर लावली आहे. महाडच्या चवदार तळ्याचेही तेच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसे त्या पायऱ्या उतरली. त्या पायऱ्यांचा दगड कोणता, घडण कशी, हे मी व्यवसाय म्हणून पाहीन. पण पायरीचे मोल तिथे पडलेल्या पावलांचे आहे.

आता तुमच्या शाळेकडे याच नजरेने बघा. १९६४ च्या आधी तुमच्या गावातली मुले कुठे शिकत होती? कोकणातल्या बहुतेक गावांत उत्तर एकच मिळते: देवळाच्या ओवरीत, कुणाच्या पडवीत, नाही तर मांडवात. ओवरी कुणाची, पडवी कुणाची, यावरून कोण पुढे बसणार आणि कोण अंगणात, हे ठरत होते. ज्या दिवशी गावाने सगळ्यांच्या पोरांसाठी एकाच उंचीची, एकाच जमिनीची खोली बांधली, तो दिवस त्या गावाच्या इतिहासात किल्ल्याच्या पायाभरणीइतकाच मोठा आहे. योगायोग असा की सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम १६६४ मध्ये सुरू झाले, तुमची शाळा त्यानंतर बरोबर तीनशे वर्षांनी. सभेत हे सांगायला हरकत नाही.

दुसरे, पैसा कुठून आला? दरवाज्याशी संगमरवरी पाटी असेल. असणारच. ती नीट वाचा. माझ्या अनुभवात त्या पाटीवर दोन-चार मोठे आकडे आणि खाली रांगेने रु. ५१, रु. २५, रु. ११ असतात. ते अकरा रुपये गिरणीतल्या, गोदीतल्या, लालबाग-परळच्या खोलीत दहा-दहा जण राहणाऱ्या चाकरमान्यांचे. मनीऑर्डरवर चाललेले कोकण म्हणतात ते आम्ही अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचतो. पण त्या मनीऑर्डरी डोळ्यांना दिसतील अशा रूपात कुठे उरल्या आहेत? गिरण्या गेल्या, चाळी चालल्या. उरल्या आहेत त्या या शाळा. म्हणून ती पाटी काढून नव्या इमारतीत ‘प्रेमाने’ लावली की झाले, हे मला पटत नाही. पाटी हा पुरावा आहे आणि इमारत ही ती वस्तू आहे, जिच्यासाठी लोकांनी पोटाला चिमटा घेतला.

तिसरी गोष्ट सिमेंटची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ‘सिमेंट म्हणजे काय, कालचे’ हाच गैरसमज सगळ्यात जास्त नुकसान करतो.

१९६४ मध्ये सिमेंट दुकानातून उचलून आणता येत नव्हते. त्यावर सरकारी नियंत्रण होते, परमिट लागे. ते नियंत्रण अंशतः १९८२ मध्ये आणि पूर्ण १९८९ मध्ये उठले. तेव्हा एकेका गोणीचा हिशेब होता. म्हणून त्या काळच्या आपल्याकडच्या इमारतींत एक फार सुंदर काटकसर दिसते. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, कारण तो गावातच निघतो. सिमेंट जपून वापरायचे ते फक्त जिथे चिरा काम करू शकत नाही तिथे: स्लॅब, तुळई, छज्जा, जाळी. छज्जा तर पाहण्यासारखा असतो. आमच्या भागात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही आडवा. आधीच्या घरांना त्यासाठी उतरती कौले आणि भिंतीला नारळाच्या झापांचा आडोसा असायचा. १९५०-६० च्या गवंड्यांनी तीच गरज नव्या मालात सोडवली. खिडकीवर रुंद, कडेला पातळ होत जाणारा छज्जा, त्याच्या खालच्या अंगाला बोटभर खाच, म्हणजे पाणी परत भिंतीकडे वळत नाही, तिथेच तुटून पडते. ही खाच कुठल्या इंजिनिअरने सांगितली आणि कुठल्या गवंड्याने शोधली, कुणास ठाऊक. ती इथल्या पावसाने शिकवली एवढे नक्की. तुमच्या छज्ज्याखाली हात घालून बघा, सापडेल.

देवगडकडच्या एका म्हाताऱ्या गवंड्याने मला त्यांच्या गावच्या शाळेखाली उभे राहून सांगितले होते, ‘बाय, ह्यो स्लॅब आमी एका रातीत घातलो. पावस येवच्या आदी.’ सगळ्या वाड्यांतल्या बायका रांगेत उभ्या राहून घमेली पुढे देत होत्या, गॅसबत्त्या पेटवल्या होत्या, सकाळी सगळ्यांना गोडाचे जेवण होते. त्या स्लॅबच्या खालच्या अंगाला आजही फळ्यांचे ठसे दिसतात, फणसाच्या फळ्यांचे, रेषा-गाठींसकट. त्या ठशांवर पुट्टी मारून ‘फिनिशिंग’ करायला निघालेल्या ठेकेदाराला मी हात धरून थांबवले. संगमरवरावरची छिन्नीची खूण आपण जपतो, मग ही का नाही?

आता माझी एक चूक सांगते. पंचवीस वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात १९५० च्या दशकातल्या सार्वजनिक सभागृहाची पाहणी मी केली. स्लॅबचा गिलावा ठिकठिकाणी सुटला होता, दोन तुळयांच्या सळ्या उघड्या पडल्या होत्या. मी अर्ध्या दिवसात बघितले आणि ‘दुरुस्ती व्यवहार्य नाही’ असे लिहून दिले. तेव्हा माझेही मत होते की काँक्रीट ही काही जपायची गोष्ट नाही, दगड-लाकूडच खरे. पाडायला चार दिवस लागतील असे ठरले होते, लागले सोळा. ब्रेकर चालेना. त्या दोन तुळया सोडल्या तर आतल्या सळ्या निळसर, स्वच्छ, गंजाचा थेंब नाही. गणपतीचे दिवस होते. मुंबईहून आलेली माणसे ढिगाऱ्यापाशी येऊन उभी राहायची. मोझेकच्या फरशीचा एक-एक तुकडा पिशवीत घालून न्यायची. त्या सभागृहात त्यांची लग्ने लागली होती. माझा अहवाल चार ओळींचा होता. त्या चार ओळी मी आजही विसरलेले नाही, आणि तेव्हापासून काँक्रीटच्या इमारतीला मी निदान तीन दिवस देते.

म्हणून तुम्हाला सांगते: ‘धोकादायक’ हा शब्द कुणी उच्चारला की तपासणीचा कागद मागा. काँक्रीटची तब्येत कळते. हातोडीने ठोकत गेले की जिथे आतून सुटले आहे तिथे बद्द आवाज येतो. गावातला कुणीही कान असलेला माणूस खडूने त्या जागा आखू शकतो. नंतर छोटा तुकडा फोडून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारे रसायन शिंपडतात. गडद गुलाबी झाले तर काँक्रीटमधला अल्कलीपणा शाबूत आहे आणि सळीला संरक्षण आहे. रंग आला नाही तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो भाग संपवला आहे. समुद्राजवळ याच्या जोडीला क्षाराची, म्हणजे क्लोराइडची तपासणी हवीच, कारण खारा वारा गुलाबी दिसणाऱ्या काँक्रीटमध्येही सळीला गंज आणतो. त्या काळी वाळू खाडीची वापरली असेल तर जास्तच. लोखंड गंजले की फुगते, कित्येक पटींनी, आणि वरचे काँक्रीट ढकलून पाडते. हा रोग आहे, मरण नाही. सुटलेला भाग काढून, सळी मागच्या बाजूनेही घासून, गरज असेल तिथे जोडसळी देऊन पुन्हा भरता येते. सगळ्या स्लॅबभर क्लोराइड मुरले असेल तर मात्र खर्च वाढतो आणि कधी कधी स्लॅब बदलावाच लागतो. ते आधीच मान्य करायला हवे. मुलांच्या डोक्यावर तो स्लॅब आहे. मी वारशासाठी मुलांचा जीव पणाला लावायला कुणालाही सांगणार नाही.

बदलावा लागला तर वारसा संपला का? नवी मुंबईत बेलापूरला वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी १९८३ ते ८६ मध्ये केलेली साडेपाचशेच्या आसपास घरांची वसाहत आहे. दोन घरांत सामायिक भिंत नाही, म्हणजे ज्याला त्याला ऐपतीप्रमाणे वाढवता यावे. लोकांनी खरोखरच वाढवली. काहींनी मूळ घर पाडून तिथे मजले चढवले. जुन्या फोटोतली वसाहत शोधायला गेलात तर अर्धी सापडणार नाही. पण घरांच्या घोळक्यामधले चौक, एका चौकातून दुसऱ्याकडे जाणे, शेजाऱ्यांचे एकमेकांकडे तोंड असणे, हे अजून जाणवते. तिथे जपायचे ते हे. प्रत्येक वास्तूत ‘हे गेले तर सगळे गेले’ अशी एक गोष्ट असते, आणि बाकीचे बदलले तरी चालते. ती गोष्ट आधी ओळखायची. तुमच्या शाळेत, तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून, मला ती रुंद पडवी, छज्जे आणि उठावचित्राची भिंत वाटते. वर्गातल्या फरशा, दिवे, स्वच्छतागृहे खुशाल बदला. मुलींना नीट स्वच्छतागृह नसेल तर ते पहिल्यांदा करा.

उठावचित्राबद्दल तुम्ही शेवटी एकच ओळ लिहिलीत, पण माझ्या मते तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम मुद्दा तोच आहे. आधुनिक कला म्हणजे मुंबईच्या गॅलरीत टांगलेली, असे आपण धरून चालतो. ती इथेही होती. विनायकराव करमरकर अलिबागजवळच्या सासवण्याचे. पुण्याचा १९२८ चा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा करणारा हा माणूस, आणि सासवण्याच्या त्यांच्या घरच्या संग्रहालयात गेलात तर कोळीण, शेतकरी, आजूबाजूची साधी माणसे शिल्पात भेटतात. चित्रकार प्रभाकर बरवे जन्मले नागावला. चित्रकार सावळाराम हळदणकर सावंतवाडीचे. या किनाऱ्यावर डोळा तयार होतो. आणि या नावांच्या मागे शेकडो ड्रॉइंग मास्तर होते, ज्यांनी मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवले आणि हाताला सिमेंट लागले तेव्हा शाळेच्या भिंतीवर गावाचे आयुष्य काढले. त्यांची प्रदर्शने झाली नाहीत, कॅटलॉग नाहीत. ती भिंतच त्यांचे एकमेव काम आहे. ती पाडली की तो कलावंत झालाच नाही असे होते. शिवाय रापण आता किती गावांत ओढतात? मास्तरांनी काढताना माणसांची रांग कशी, दोर कसा खांद्यावर, टोपल्या कुणाच्या डोक्यावर, हे बघून काढले असणार. तो दस्तऐवज आहे.

त्या भिंतीला ऑइलपेंट लावू देऊ नका. रंगाखाली ओल कोंडते आणि क्षार उठाव फोडून बाहेर येतो. शेवाळ आले असेल तर मऊ ब्रश आणि साधे पाणी, थंडीच्या दिवसांत. ॲसिड आणि तारेचा ब्रश अजिबात नको. ‘उचलून नव्या इमारतीत बसवू’ असे कुणी सुचवेल. सिमेंटचे उठावचित्र भिंतीचाच थर असतो. ते सुटे होताना बहुतेक वेळा तुकडे होतात.

सगळेच जपावे असे मी म्हणत नाही. त्याच काळातल्या कित्येक इमारती घाईत, छापील नकाशावरून, कुठल्याही गावात चालतील अशा बांधल्या. त्यांतली एखादी नोंद करून सोडून द्यावी. पण सोडण्याआधी बघावे. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचे हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शन-दालन वास्तुविशारद राज रेवाल आणि अभियंता महेंद्र राज यांनी १९७२ मध्ये उभे केले होते, काँक्रीटच्या त्रिमितीय जाळीचे छत. एप्रिल २०१७ मध्ये ते पाडले गेले. साठ वर्षे झाली नाहीत म्हणून ते विचारातच घेतले गेले नाही. पणजीच्या कोरियांच्या कला अकादमीची दुरुस्ती चालू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या प्रेक्षागृहाच्या मंचाचे छत कोसळले. अशा वेळी हळहळणारे आपण सगळे असतो. आज रत्नागिरीजवळ पानवलच्या दरीवरून ६४ मीटर उंच पुलावरून कोकण रेल्वे जाते. पुलाचा वरचा भाग एका टोकाला ओतून पुढे पुढे सरकवत नेण्याचे तंत्र देशात पहिल्यांदा तिथे वापरले गेले. अजून तो फक्त पूल आहे, कुणी त्याला वारसा म्हणत नाही. त्याची मूळ रेखाटने आणि तिथे राबलेल्या माणसांच्या आठवणी आत्ताच जमवायला हव्यात.

आणि हेच तुमच्या हातात आत्ता आहे. किल्ला बांधणारे बोलू शकत नाहीत, तुमची शाळा बांधणारे अजून बोलतात. त्या वेळी वीस वर्षांचा असलेला गवंडी आज ऐंशीचा आहे. सभेच्या आधी त्याच्याकडे जा, मोबाइलवर रेकॉर्ड करा. मास्तरांबरोबर भिंतीवर काम केलेली मुले आज सत्तरीत असतील. कुणी मुंबईत, कुणी ठाण्याला. त्यांना विचारा कोणती होडी कुणी केली. उठावचित्राचे फोटो सकाळच्या आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात काढा, बाजूला मोजपट्टी धरून. संस्थेच्या कपाटात जमाखर्चाची वही, सिमेंटच्या परमिटची पत्रे असतील, ती वाळवीच्या आधी गाठा. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्यात ऐतिहासिक आणि वास्तुकलेच्या दृष्टीने महत्त्वाच्या जागा जपण्याची तरतूद करता येते. पण तुमचे गाव आराखड्याच्या हद्दीत नसेल तर ग्रामसभेचा ठराव आणि संस्थेच्या कार्यकारिणीचा ठराव, हे दोनच कागद खरे कामाचे. ठरावात ‘जुनी इमारत’ असे लिहू नका. कुणी बांधली, कशी बांधली, भिंतीवर काय आहे, हे चार वाक्यांत लिहा.

नवीन वर्गांची गरज खरी आहे, ती नाकारून सभा जिंकता येणार नाही. मागच्या बाजूला जागा आहे असे तुम्ही लिहिले आहे. तिथे नवे वर्ग, आणि जुन्या इमारतीत वाचनालय, चित्रकलेचा वर्ग, कार्यालय, असा नकाशा मी काढून देईन. दुरुस्ती आणि नवे बांधकाम यांचा खर्च वेगवेगळा मांडूनच तो सभेपुढे ठेवू.

तोवर एक करा. मे संपायच्या आत कुणाला तरी स्लॅबवर चढवा. पाणी जायची भोके पिंपळाच्या रोपांनी आणि पाचोळ्याने बुजलेली असणार. रोपे उपटू नका, मुळासकट ओढताना काँक्रीट निघते. बुंध्याशी कापा आणि भोके मोकळी करा. यंदाचा पाऊस तेवढ्याने निभेल.